तांब्याची बचत आणि आकाशातील ठिणगी



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहावे, आणि तेही बोनस किंवा महागाईभत्त्यावर नव्हे तर उपग्रहांच्या सौरपंखांवर बोलावयास, याचे आपणांस नवल वाटले तर त्यात गैर काही नाही. विषय कळविला तेव्हा चालकांनाही ते वाटलेच होते. आमचे शालेय शिक्षण सातवीपाशी थांबले; पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या फाटकाबाहेर. परंतु विजेच्या ठिणगीशी आमची ओळख जुनी आहे. एका कारखान्याच्या स्विच-खोलीत पॅनेलमध्ये आर्क उडाला आणि आमच्या एका वायरमन मित्राचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशीत असे निघाले की, त्या पॅनेलचे इन्सुलेशन गेल्याची लेखी सूचना चार महिने आधीच दिली गेली होती आणि ती फायलीत सुखाने पडून होती. तेव्हापासून ठिणगी कशी पडते याहीपेक्षा, ती पडणार हे कोणाला केव्हा ठाऊक होते, या प्रश्नाने आम्हांला पछाडले. त्याच नादात वाचता वाचता आम्ही जमिनीपासून ३६,००० किलोमीटर उंच जाऊन पोहोचलो.

या इतिहासाचा आरंभ अगदी किरकोळ आहे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकनचा सौरघट तयार केला. अंगावर पडणाऱ्या उन्हाचा शेकडा ६ एवढाच हिस्सा तो विजेत बदली, आणि महाग इतका की जमिनीवर त्याला गिऱ्हाईक नव्हते. गिऱ्हाईक मिळाले ते आकाशात. १७ मार्च १९५८ रोजी व्हॅनगार्ड नावाचा, दीड किलो वजनाचा आणि पपनसाएवढा अमेरिकन उपग्रह वर गेला. त्यात संदेश धाडणारी दोन यंत्रे होती. बॅटरीवरचे यंत्र त्याच वर्षी मुके झाले. सौरघटांवरचे १९६४ पर्यंत बोलत राहिले. तो गोळा आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे. तेव्हापासून उपग्रह म्हटला की सौरघट आलेच.

हे घट एकामागे एक जोडून माळ करतात, अशा अनेक माळा शेजारी शेजारी मांडून पंख होतो. एका माळेत जितके घट अधिक तितका विजेचा दाब अधिक. विमानांत रूढ झालेला २८ व्होल्टचा दाब उपग्रहांनीही बराच काळ चालविला, आणि गरज काही शे वॉटची होती तोवर त्यात काही अडले नाही. पुढे गरज किलोवॉटांत गेली. एक किलोवॉट वीज २८ व्होल्टने न्यावयाची तर सुमारे ३६ अँपिअर प्रवाह लागतो. १६० व्होल्टने नेली तर सव्वासहा अँपिअरमध्ये भागते. तारेत उष्णता होऊन जी वीज फुकट जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. म्हणजे दाब असा वाढविला की तीच नासाडी पत्करून तार बत्तीस पट बारीक चालते. जमिनीवर हे शहाणपण जुनेच आहे. १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज आली ती लाखभर व्होल्टच्या दाबाने आली, ती याच कारणाने. आकाशात तर तांब्याचा प्रत्येक किलो अग्निबाणाच्या पाठीवर चढवून न्यावा लागतो. तेव्हा दाब वाढविणे ही कोणाची हौस नव्हती, काटकसर होती. काटकसर या शब्दाविषयी आमच्यासारख्यांच्या मनात उपजत संशय असतो, कारण कारखान्यात काटकसर सुरू झाली की पहिल्याने हातमोजे बंद होतात. पण येथे ती रास्त होती हे कबूल केले पाहिजे.

मग अडचण कोठे आली? अवकाश म्हणजे पोकळी, आणि पोकळीइतके चांगले इन्सुलेशन नाही, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी. उपग्रह जेथून धावतात तेथे सूर्याच्या प्रखर किरणांनी विरळ हवेचे कण फुटलेले असतात; ऋण भाराचे हलके इलेक्ट्रॉन आणि धन भाराचे जड आयन यांचे ते एक मोकळे मिश्रण असते. अशा मिश्रणाला 'प्लाझ्मा' हे नाव १९२८ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर याने दिले. जमिनीपासून तीनचारशे किलोमीटरवर, घन सेंटिमीटरभर जागेत असे काही लक्ष इलेक्ट्रॉन सापडतात. आपल्या हवेच्या मानाने हे काहीच नव्हे. परंतु ते सगळे विद्युतभारित असतात, आणि उघड्या धातूवर दाब दिसला की तिकडे ओढले जातात.

आता एखाद्या जत्रेची कल्पना करा. दोन दुकाने समोरासमोर. एक पोरांना बोलावते, दुसरे म्हाताऱ्यांना. पोरे क्षणात गर्दी करतील, म्हातारे काठी टेकीत येतील. इलेक्ट्रॉन ही पोरे, आयन हे म्हातारे. पंखाच्या धन टोकावर इलेक्ट्रॉनांची झुंबड उडते, ऋण टोकावर आयन रेंगाळत येतात. दोन्हीकडची आवक बरोबरीची व्हावी म्हणून सबंध पंखच ऋण बाजूला घसरतो, इतका की त्याचा दहापैकी नऊ हिस्सा भोवतालच्या प्लाझ्माच्या मानाने ऋण होऊन बसतो. १६० व्होल्टचा पंख असेल आणि यानाचा सांगाडा त्याच्या ऋण टोकाला बांधलेला असेल, तर सांगाडाच उणे १४० व्होल्टच्या घरात जातो. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे माणसाच्या छातीशी त्याचा संबंध येणार आहे.

ठिणगी पडण्याची जागा मात्र फार लहान आहे. प्रत्येक घटावर संरक्षणासाठी पातळ काच चिकटविलेली असते. दोन घटांत मिलिमीटरभर फट असते आणि त्या फटीत घट जोडणारी धातूची पट्टी उघडी असते. धातू, काच आणि पोकळी ही तिन्ही जेथे भेटतात त्या जागेला आम्ही तिठा म्हणतो. धातू शेकडो व्होल्ट ऋण. शेजारची काच आयनांचा वर्षाव झेलून धन झालेली. दोघांत अंतर केसाएवढे. त्या तिठ्यावर विजेचा ताण इतका दाटतो की धातूतून इलेक्ट्रॉन उपटून निघतात, काचेच्या कडेवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन उडवितात, काचेला चिकटलेली ओल आणि वायू सुटतात, आणि त्या चिमूटभर वायूत ठिणगी उडते. भोवतालच्या काचांवर साचलेला भार त्या वाटेने रिकामा होतो. सगळा प्रकार सेकंदाच्या काही लक्षांश भागात आटोपतो.

हे प्रत्यक्ष पाहण्याचे काम प्रथम ओहायोतील क्लीव्हलंड येथील लुइस संशोधन केंद्राने केले. १९९९ पासून त्याला ग्लेन यांचे नाव आहे. त्यांनी केलेली युक्ती आमच्या मनाला फार भावली. उपग्रह सोडून झाला की अग्निबाणाचा वरचा टप्पा भंगार म्हणून फिरत राहतो. मार्च १९७८ मध्ये लँडसॅट-३ सोडणाऱ्या डेल्टा अग्निबाणाच्या अशाच टप्प्यावर त्यांनी 'पिक्स' नावाचा प्रयोग बसविला, आणि जानेवारी १९८३ मध्ये दुसऱ्या डेल्टावर त्याची सुधारलेली आवृत्ती. सौरघटांच्या तुकड्यांवर मुद्दाम कमीअधिक दाब द्यावयाचा आणि काय होते ते नोंदवावयाचे. आढळले ते असे: ऋण बाजूस काही शे व्होल्ट गेले की ठिणग्या पडू लागतात, धन बाजूस एका मर्यादेपलीकडे भोवतालची काचच इलेक्ट्रॉन गोळा करण्यात सामील होते आणि गळती एकाएकी वाढते. मार्च १९९४ मध्ये कोलंबिया या अवकाशयानातून 'सॅम्पी' हा प्रयोग पाठवून याच गोष्टी अधिक बारकाईने मोजण्यात आल्या.

येथवर ठिणगी म्हणजे एक उपद्रव एवढेच होते. रेडिओत खरखर होई, धातूला टवके पडत. पंख जळून जाईल असे तीत बळ नव्हते, कारण काचेवरचा भार संपला की ठिणगीही संपली. खरे संकट निराळे होते, आणि ते समजण्यासाठी शास्त्रज्ञाकडे नव्हे, वेल्डरकडे जावे. वेल्डर काडी लोखंडाला टेकवतो आणि किंचित उचलतो. पहिली ठिणगी पडेपर्यंतच काय ती अडचण. एकदा आर्क धरला की वीसपंचवीस व्होल्टवर तो तासभर जळत ठेवता येतो, कारण मागे यंत्र प्रवाह पुरवीत असते. ठिणगी ही आगकाडी आहे आणि आर्क ही चूल. सौरपंखात शेजारशेजारच्या दोन माळांत दाबाचा फरक मोठा असला, तर क्षणभराच्या ठिणगीने फटीत जो वाफेचा पूल होतो, त्यावरून पंखाची स्वतःचीच वीज वाहू लागते. मग खालचे कॅप्टन नावाचे प्लॅस्टिक करपते, त्याचा कोळसा होतो, कोळसा वीज वाहून नेतो, आणि ती माळ कायमची शॉर्ट होते. वेल्डरला निदान यंत्राचे बटण तरी बंद करता येते. येथे प्रवाह पुरविणारा सूर्य आहे.

या चुलीची पहिली राख जमिनीवर आली ती १९९३ साली. युरोपाने 'युरेका' नावाचे मानवरहित यान केले होते. १९९२ च्या उन्हाळ्यात अटलांटिस यानाने ते कक्षेत सोडले आणि वर्षभराने एन्डेव्हर यानाने ते उचलून परत आणले. उपग्रह सहसा परत येत नाहीत, त्यामुळे ही संधी दुर्मिळ. त्याच्या सौरपंखावर शोधता शोधता एक जळका डाग सापडला. तो क्षणिक ठिणगीचा नव्हता, धरून राहिलेल्या आर्कचा होता. स्वित्झर्लंडमध्ये लुत्सेर्न येथील वाहतूक संग्रहालयात हे यान टांगून ठेवलेले आहे.

आणि मग १९९७ साल उजाडले. त्या वर्षी टेम्पो-२ आणि पीएएस-६ हे दोन मोठे दळणवळण उपग्रह ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत गेले. त्यांचे सौरपंख १०० व्होल्टच्या दाबाचे होते. वर गेल्यावर काही काळातच त्यांच्या माळा बंद पडू लागल्या. जमिनीवर बसलेल्या माणसांना दिसत होते ते इतकेच की, प्रवाहाचा आकडा पायरीपायरीने खाली येतो आहे, आणि एकदा उतरलेली पायरी पुन्हा चढत नाही. तेथे कोणी जाऊ शकत नाही, पंख काढून आणता येत नाही. मृतदेह नसताना शवपरीक्षा करावयाची, असा तो मामला होता.

तेव्हा तपास करणाऱ्यांनी तसल्याच पंखाचा तुकडा निर्वातपेटीत ठेवला आणि त्याच्यावर तोच प्रसंग आणला. भूस्थिर कक्षेत दाट प्लाझ्मा नसतो; पण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळे उठतात तेव्हा हजारो व्होल्टच्या जोराचे इलेक्ट्रॉन येऊन आदळतात. यानाचा सांगाडा हजारो व्होल्ट ऋण होतो, काच तितकी होत नाही, आणि वेगळ्या रस्त्याने आपण पुन्हा त्याच तिठ्यावर येतो. पेटीत ठिणगी पडली, आणि शेजारच्या माळांमधल्या दाबावर आर्क धरून राहिला. कॅट्झ, डेव्हिस आणि स्नायडर यांनी १९९८ साली ही उपपत्ती मांडली. त्या पंखांची मांडणी अशी होती की, माळा नागमोडी वळवल्यामुळे काही ठिकाणी एका माळेचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाशेजारी येई आणि मिलिमीटरभर फटीत जवळजवळ सगळेच शंभर व्होल्ट उभे राहत.

येथे आम्हांला आमचा स्वभाव आवरावा लागतो. कोणाच्या तरी टेबलात सूचना दडपून पडलेली असणार, असे गृहीत धरूनच आम्ही हे सगळे वाचावयास घेतले होते. सूचना नव्हत्या असे नाही. एटीएस-५ या उपग्रहाच्या नोंदींवरून डीफॉरेस्ट यांनी १९७२ सालीच दाखविले होते की, भूस्थिर कक्षेतील यान हजारो व्होल्ट ऋण होऊ शकते. १९७९ साली त्याच अभ्यासासाठी स्कॅथा हा स्वतंत्र उपग्रह सोडला गेला, आणि १९८४ साली नासाने रचनाकारांसाठी मार्गदर्शक पुस्तिका छापली. खालच्या कक्षेतल्या ठिणग्यांचे पिक्सचे निष्कर्षही छापलेले होते. युरेकाचा डाग जमिनीवर आलेला होता. म्हणजे भूस्थिर कक्षेत ठिणगी पडते हे ठाऊक होते, दाबाच्या पंखाला ठिणगीचे भय आहे हेही ठाऊक होते. परंतु ठिणगीने पंखाच्या स्वतःच्या विजेला वाट करून द्यावी आणि वादळ ओसरल्यावरही आर्क जळत राहावा, हा या दोन माहितींमधला सांधा रचनेच्या फलकावर कोणी उमटविलेला नव्हता. दडपणूक सापडली नाही. एकाच इमारतीतल्या दोन खात्यांनी एकमेकांची कागदपत्रे शेजारी ठेवून न वाचणे सापडले. आमच्या अनुभवात अपघातांच्या चौकशीत हेच अधिक वेळा निघते, आणि घोषणा देण्यास ते फार गैरसोयीचे असते.

उपाय साधेच निघाले. माळांची मांडणी बदलून शेजारच्या घटांतील दाबाचा फरक कमी केला. फटी सिलिकोन रबराने, आमचे गवंडी फरशीचे दर्जे भरतात तशा, भरून काढल्या. आणि प्रत्येक माळेला डायोड लावून एका माळेच्या आर्कला बाकीच्या माळांची वीज मिळू नये अशी व्यवस्था केली.

याच सुमारास आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची बांधणी चालू होती. त्याचे मूळचे पंख आठ. एकेका पंखात ८२ माळा, एका माळेत ४०० घट, म्हणजे पंखाला ३२,८०० घट. दाब १६० व्होल्ट. सांगाडा ऋण टोकाला बांधलेला. आता तो मघाचा उणे १४० आठवावा. सांगाड्याच्या ॲल्युमिनियमवर रासायनिक क्रियेने केलेला एक पातळ रोधक पापुद्रा असतो. एवढ्या दाबाला तो फुटून जागोजाग ठिणग्या पडतील हे आराखड्याच्या टप्प्यावरच ध्यानात आले. घरात आपण काय करतो? अर्थिंग करतो. खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून तांब्याचा पत्रा पुरतो. पण जेथे भूमीच नाही तेथे खड्डा कोठे खणावा? लुइस केंद्राच्या लोकांनी झेनॉन वायूचा खड्डा खणला! एका तापविलेल्या पोकळ नळीतून थोडा थोडा झेनॉन सोडून त्याचाच प्लाझ्मा करावयाचा, आणि त्या फवाऱ्याच्या वाटेने जादा इलेक्ट्रॉन बाहेर वाहू द्यावयाचे. सांगाडा भोवतालच्या प्लाझ्माशी ४० व्होल्टांच्या आत राहतो. असे दोन 'प्लाझ्मा काँटॅक्टर' ऑक्टोबर २००० मध्ये स्थानकावर बसविले गेले. पहिले मोठे पंख उघडले ते त्यानंतर डिसेंबरात.

आम्हांला एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. हा उपाय आरंभी योजला गेला तो ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यासाठी. स्थानकाबाहेर काम करणाऱ्या माणसाचा विचार ठळकपणे पुढे आला तो मागाहून. अंतराळवीराच्या पोशाखाला कमरेशी, मनगटाशी धातूची कडी असतात, आत तो घामाने निथळत असतो, आणि त्याच्या दोरीचा, हत्याराचा संबंध सांगाड्याशी असतो. पोशाखावर ठिणगी पडली तर प्रवाहाची वाट छातीतून जाऊ शकते. ते कळल्यावर मात्र हयगय झाली नाही; माणूस बाहेर कामाला गेला की काँटॅक्टर चालू ठेवण्याचा दंडक घातला गेला. गमतीची गोष्ट अशी की, प्रत्यक्ष मोजमाप घेतले तेव्हा सांगाडा भीती होती त्याहून पुष्कळच कमी ऋण होत असल्याचे आढळले, कारण घटांमधल्या अरुंद फटींत शिरण्याची इलेक्ट्रॉनांची वाट काचांच्या कडांवरच तुंबत होती. त्यावरून काही जण या काळजीला अतिरेक म्हणतील. आम्ही म्हणणार नाही.

२००३ च्या ऑक्टोबरात जपानचा मिदोरी-२ हा पृथ्वीनिरीक्षक उपग्रह काही मिनिटांत निकामी झाला. ६ किलोवॉट वीज एकाएकी १ किलोवॉटवर आली. येथे पंख नव्हे, तर पंखाची वीज आणणाऱ्या तारांचे जुडगे जळाले असावे असा निष्कर्ष निघाला. त्या जुडग्याभोवतीच्या उष्णतारोधक वेष्टनाला अर्थिंग नव्हते आणि ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातील इलेक्ट्रॉनांचा भार त्यावर साचत होता. या धक्क्यानंतर जपानात या विषयाकडे फार लक्ष दिले गेले. जपानी, अमेरिकन आणि युरोपीय तज्ज्ञांच्या विचारविनिमयातून सौरपट्ट्यांच्या ठिणगी-चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक २०११ साली निघाले. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेनेही उपग्रहांच्या सौरपट्ट्यांवर निर्वातपेटीत अशा चाचण्या केल्या आहेत.

आणि दाब वाढविण्याची गरज संपलेली नाही. विजेवर चालणाऱ्या अवकाश-इंजिनांना ३०० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तो पंखातूनच सरळ मिळाला तर मधली जड यंत्रे वाचतात. पुन्हा तीच तांब्याची बचत. जपानातील किताक्यूशू हे जुने पोलादनगर. तेथल्या क्यूशू तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मेंगू चो या प्राध्यापकांच्या हाताखाली होरयू-२ नावाचा छोटा उपग्रह बांधला. १८ मे २०१२ रोजी तो वर गेला आणि खालच्या कक्षेत, प्लाझ्माच्या ऐन गर्दीत, त्याने ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज सौरघटांतून काढून दाखविली. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी होरयू-४ गेला. त्याचे तर कामच ठिणग्या पाडून त्या नोंदविण्याचे. ठिणगीतला प्रवाह कसा चढतो, कसा उतरतो, याचे आलेख त्याने जमिनीवर धाडले.

ठिणगीचा असा एक आलेख आम्ही छापून आमच्या त्या वायरमन मित्राला दाखविला. हात बरे झाले आहेत, पण बोटे पूर्ण मिटत नाहीत. त्याने कागद उजेडात धरला, चढावरून बोट फिरवले आणि विचारले, "भाऊ, तिथे मेन पाडायला कोण असतं?" आम्ही म्हणालो, "कोणी नाही." मग डायोडाविषयी आणि फटी भरण्याविषयी जे काही कळले होते ते सांगितले. त्याने दोनदा विचारून घेतले, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.